घरच्या माणसाला इन्सुलिन देताना

सुई टोचणं हा यातला सोपा भाग. घोटाळे होतात ते त्याआधी, सिरिंज निवडताना आणि वेळ साधताना.

आधी बाटलीवरचा आकडा वाचा. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत एका मिलीलिटरला ४० युनिट असतात आणि त्यांना लाल टोपणाची ४०ची सिरिंज लागते. इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमध्ये मात्र मिलीलिटरला सहसा १०० युनिट असतात. १००च्या सिरिंजचं टोपण नारिंगी. पेन बिघडलं म्हणून त्यातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने १०च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात २५ युनिट जातात. ४०ची बाटली आणि १००ची सिरिंज वापरली, तर १०च्या जागी ४च. त्यामुळे केमिस्टकडे नुसतं ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ म्हणू नका, बाटली दाखवा.

मग साखर तपासा. ७०च्या खाली असेल तर सुई बाजूला ठेवा, आधी साखर द्या आणि डोसबद्दल डॉक्टरांना विचारा.

आता वेळ. रेग्युलर आणि ३०/७० मिश्र इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास; अ‍ॅस्पार्ट किंवा लिस्प्रो ही झटपट काम करणारी इन्सुलिनं अगदी जेवायला बसताना. ऑफिसातून निघताना टोचून घेऊ, घरी पोचून जेवू, हा हिशेब मुंबईत लोकलच्या भरवशावर करू नये. गाडी कुर्ल्याला अडकली तरी इन्सुलिनचं काम चालूच राहतं. एकादशीचा उपास असेल तर डोस आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठरवा. आजी ‘मला काही होत नाही’ म्हणाल्या तरी.

दुधाळ इन्सुलिन तळहातांत हळूच घोळवा, खळखळून हलवू नका. डॉक्टरांनी दोन प्रकार एका सिरिंजमध्ये भरायला सांगितले असतील तर आधी पारदर्शक, मग दुधाळ. ग्लार्जिन हे दिवसभर चालणारं इन्सुलिनही पारदर्शक दिसतं, पण ते कशातच मिसळायचं नाही.

पोटावर बेंबीपासून तीन बोटं दूर किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या. रोज जागा थोडी सरकवा. एकाच ठिकाणी टोचून गाठ झाली असेल तर तिथे दुखत नाही, म्हणून लोकांना तीच जागा आवडते. पण तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. पेन असेल तर आधी दोन युनिट हवेत सोडा आणि बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढा. चोळू नका.

नंतर घाम, थरथर किंवा असंबद्ध बडबड दिसली तर साखर फार उतरलेली असू शकते; तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा.

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नाही. उघडल्यावर तारीख लिहा. बहुतेक बाटल्या चार आठवडेच चालतात. मे महिन्यात उघडी बाटलीही फ्रीजमध्येच बरी.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका आणि डबा भरला की दवाखान्यात विचारून तिथे द्या. पिशवीतून ओल्या-सुक्या कचऱ्यात गेल्या, तर त्या सफाई कामगाराच्या हातात घुसतात.