बसथांबा शोधताना स्क्रीन रीडर गप्प राहतो? माझा अनुभव

शहर बससेवेच्या नव्या संकेतस्थळावर ‘कुठून’च्या चौकटीत टाइप केलं की खाली थांब्यांची यादी यायची, पण बाण-कळ दाबल्यावर एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) काहीच वाचायचा नाही. अंध प्रवाशाला प्रवास आखताच येईना, याचा फार त्रास झाला.

दुरुस्त करताना आधी यादीला एरिया-लाइव्ह लावलं (एरिया, ARIA, म्हणजे पानाचा कुठला भाग काय आहे हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या कोडमधल्या खुणा; ‘लाइव्ह’ ही बदललेला मजकूर आपोआप वाचायला लावणारी), तर प्रत्येक अक्षराला सगळी यादी वाचली जायची. फोकस (कळफलकाचा रोख) यादीत नेला, तर टायपिंग थांबायचं.

शेवटी चाललं ते याच क्रमाने: आधी इनपुटला, म्हणजे टाइप करायच्या चौकटीला, रोल कॉम्बोबॉक्स (यादी जोडलेली चौकट), एरिया-एक्सपांडेड (यादी उघडी आहे की बंद) आणि यादीचा आयडी देणारं एरिया-कंट्रोल्स. मग यादीला लिस्टबॉक्स, प्रत्येक थांब्याला ऑप्शन हा रोल. फोकस इनपुटमध्येच ठेवायचा. बाण-कळेवर फक्त एरिया-ॲक्टिव्हडिसेंडंट (सध्याच्या ऑप्शनचा आयडी) बदलायचं, निवडलेल्या ऑप्शनला एरिया-सिलेक्टेड द्यायचं.

तरीही काही थांबे चुकीचे वाचले जायचे. खरी गोम इथे होती: रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या थांब्यांचं नाव एकच, आणि ऑप्शनचा आयडी नावावरून बनलेला, म्हणून दोघांचा आयडीही एकच. तो जीटीएफएसमधल्या (सार्वजनिक वाहतुकीचे थांबे आणि वेळापत्रक यांच्या माहितीचा ठरलेला नमुना) स्टॉप आयडीवरून बनवला आणि नावापुढे ‘स्टेशनकडे जाणारा’ अशी दिशा जोडली. ही दिशा डोळस प्रवाशांनाही हवीच असते.

सर्वात शेवटी पानाच्या कोडमधली भाषा ‘ईएन’ (इंग्रजी) ऐवजी ‘एमआर’ (मराठी) केली. मराठी नावं मराठी उच्चारात येऊ लागली.