ओपन-वर्ल्ड फॅन्टसी गेममध्ये रमायचं कसं

'शंभर तास लागतात म्हणे! एवढा वेळ आहे कुणाकडे?' असं म्हणून ओपन-वर्ल्ड गेम, म्हणजे मोठ्या जगात हवं तिकडे भटकू देणारे गेम, बाजूला ठेवणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी दिवसभर लोकांचे हिशेब तपासते आणि रात्री जमेल तेवढा वेळ खेळते. त्यामुळे सुरुवात आकड्यांपासूनच करू.

'एल्डन रिंग' फेब्रुवारी २०२२मध्ये आला आणि तीन आठवड्यांच्या आत १ कोटी २० लाख प्रती खपल्या. हा वेगवान आकडा. त्यात स्टुडिओचं नाव, जाहिरात आणि कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या सहभागाची उत्सुकता, सगळं आलं. 'स्कायरिम'चा आकडा वेगळ्या जातीचा आहे. ११ नोव्हेंबर २०११ला आलेला हा गेम पुढे नव्या नव्या कन्सोलवर पुन्हा पुन्हा विकला गेला, आणि २०२३मध्ये त्याचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी ६ कोटींचा आकडा सांगितला. एकदा खेळून झालेला गेम लोक परत विकत घेतात, तेव्हा त्या जगात करमतं म्हणून घेतात. विकत घेताना मी हा संथ आकडा बघते.

उलटही होतं. २०१२चा 'किंगडम्स ऑफ अमलूर' पहिल्या तीन महिन्यांत १२ लाखांच्या आसपास खपला, तरी तो बनवणारी कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. ऱ्होड आयलंड राज्याच्या हमीवर उचललेलं साडेसात कोटी डॉलरचं कर्ज डोक्यावर होतं. जमाखर्च जुळला नाही. गेम मात्र खेळायला मजेदार आहे. तेव्हा 'फ्लॉप' हा शिक्का कुणी कशावरून मारला ते आधी बघा. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक रिव्ह्यूशेजारी लिहिणाऱ्यानं किती तास खेळलंय ते दिसतं. दोन तासांत भारावलेल्यांपेक्षा ऐंशी तास खेळूनही कुरकुरणाऱ्यांचं वाचा. त्यांची तक्रार तुम्हाला चालण्यासारखी असेल, तर गेम तुमच्यासाठी आहे.

स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. पण हे दोन तास भुर्रकन उडतात. 'स्कायरिम'मध्ये आधी गाडीत हात बांधून बसायचं, मग चेहरा बनवायचा, मग ड्रॅगन येऊन हेल्गेन गाव जाळणार. नाकाच्या लांबीवर अर्धा तास घालवू नका. पटकन मोकळ्या आभाळाखाली या आणि मुख्य रस्ता सोडून कुठेतरी वळा.

तिथे बघायचं काय? क्षुल्लक कामं कशी लिहिली आहेत ते. 'विचर ३'च्या पहिल्याच भागात, व्हाइट ऑर्चर्डमध्ये, एक म्हातारी आपला तवा परत मिळवून द्या म्हणून गळ घालते. तो कुलूपबंद घरात सापडतो, पण लख्ख घासलेला. त्यावरची काजळी कुणीतरी शाई करायला खरवडून नेलीय, असा तर्क गेराल्ट, म्हणजे आपण खेळतो तो नायक, लावतो. म्हणजे त्या घरात बसून कुणीतरी चोरून पत्रं लिहीत होतं! पाच मिनिटांचं काम, बक्षीस नगण्य, पण त्या गावावरून सैन्य गेलंय हे त्या तव्यानं सांगितलं. अशी दोन कामं सापडली की बिनधास्त पुढे जा. नुसतं 'दहा लांडगे मार, पाच मुळ्या आण' चाललं असेल तर पैसे परत मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मार्कर, म्हणजे कुठे जायचं ते दाखवणारी खूण. पडद्यावरच्या बाणामागे धावलात की डोळे बाणावर राहतात, डोंगर दिसतच नाही. २००२च्या 'मोरोविंड'मध्ये बाण नव्हताच. बालमोरा गावातला माणूस रस्ता तोंडी सांगतो: नदी ओलांड, मूनमॉथ किल्ल्याकडे जा, पुढे ड्वेमर या लुप्त जमातीचा जुना पूल लागेल. तुम्ही पुलापलीकडे पोचता, तर आर्कंगथांड या जुन्या अवशेषांचं दार बंद. जवळच्या पाइपवर एक दांडा असतो, तो फिरवल्यावर दार उघडतं. ते शोधताना जी चिडचिड होते, तिच्यामुळेच ती जागा डोक्यात बसते.

पण म्हणून सगळीकडे सरसकट मार्कर बंद करू नका. 'स्कायरिम'मध्ये पुष्कळदा कुणी पत्ताच नीट सांगत नाही, कारण मार्कर असणार हे गृहीत धरूनच संवाद लिहिलेत. तिथे भटकायच्या दिवशी जर्नलमध्ये (कामांच्या नोंदवहीत) जाऊन क्वेस्ट, म्हणजे हाती घेतलेली कामगिरी, तेवढी निष्क्रिय करा. 'विचर ३'मध्ये मिनीमॅप, म्हणजे कोपऱ्यातला छोटा नकाशा, बंद करता येतो. डिसेंबर २०२२च्या अपडेटनंतर तो फक्त लढाईत किंवा विचर सेन्स (माग काढायची गेराल्टची खास नजर) वापरताना दिसेल अशीही सोय आहे. मला तीच सगळ्यात बरी वाटते.

फास्ट ट्रॅव्हलबाबत, म्हणजे नकाशावरून एका झटक्यात दुसरीकडे जाण्याबाबत, माझा नियम साधा: जाताना पायी, येताना उडी. थकून आल्या रात्री नियम मोडला तरी कुणी विचारत नाही.

पहिल्याच प्रदेशात घर करून बसू नका. २०१४च्या 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मध्ये हिंटरलँड्सची कामं संपवत बसून कित्येक जण कंटाळले, 'आधी तिथून बाहेर पडा' हा सल्ला तेव्हापासून नव्या खेळाडूंना मिळतो. यादी संपवायची सवय ऑफिसात ठेवून या.

आणि मार खाल्ला तर वाट बदला. 'एल्डन रिंग'मध्ये बाहेर पडताच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसतो. त्याच्याशी लढायची सक्ती नाही, त्याला वळसा घाला. घोडा मिळवा, लेव्हल वाढवा, मग या हिशेब चुकता करायला. पहिल्याच तासात त्याच्यापुढे वीस वेळा मरून 'गेम अवघड आहे' म्हणणाऱ्या माझ्या भाच्याला हे सांगून दमले.

मेन क्वेस्टची घाई मनावर घेऊ नका. 'मुलगी संकटात आहे' म्हणत गेराल्ट प्रत्येक गावात पत्ते कुटत बसतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. ही विसंगती या प्रकाराला चिकटलेलीच आहे. मी तिच्याकडे काणाडोळा करते.

मध्ये महिनाभर खंड पडला तर? 'विचर ३' सेव्ह (साठवलेला खेळ) उघडताना मागची गोष्ट थोडक्यात ऐकवतो, बहुतेक गेम ऐकवत नाहीत. म्हणून बंद करण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: कुठे निघाले होते आणि कशासाठी. परत आल्यावर थेट मोठ्या लढाईत शिरू नका. आधी गावात एक फेरी मारा, बॅगेतला भंगार माल विका, एखादं किरकोळ काम उरका. तेवढ्यात बोटांना बटणं आठवतात.