काँक्रीटसाठी रबराचा साचा: खरी ताकद कवचात

साचा शिकायला येणारा प्रत्येक जण आधी रबराचंच विचारतो. काँक्रीट ओतायचं असेल तर माझं मत पॉलियुरेथेनला. सिलिकॉन हाताळायला सोपं, पण सिमेंटचा क्षार आणि वाळूचं घासणं पॉलियुरेथेन जास्त सोसतं. खोल खाचा असलेल्या चेहऱ्याला शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप, आकडा मोठा तितकं रबर कडक) ३० ते ४० कडकपणाचं, उथळ नक्षीला ५०-६० चालतं.

पण पॉलियुरेथेन दिसेल त्याला चिकटतं. मूळ शिल्प प्लास्टरचं असेल तर आधी पूर्ण सुकवा. ओल राहिली की रबरात बुडबुडे धरतात. मग शेलॅकचे (लाखेच्या वार्निशचे) दोन-तीन हात, मेणाचा पातळ हात आणि वर रिलीज एजंट, म्हणजे चिकटू न देणारं द्रव्य. रबर दोन द्रव भाग मिसळून बनतं; ते दोन्ही भाग काट्यावर तोला, अंदाजाने नाही. डब्याचा तळ आणि कडा खरवडून ढवळा, नाहीतर तिथलं रबर कायम चिकट राहील.

पहिला हात पातळ, ब्रशने टोचत टोचत. पुढचे हात दाटसर. आधीचा थर चिकट लागतो पण बोटाला येत नाही, ती वेळ साधा. जाडी १०-१२ मिमी हवी. नाकाच्या शेंड्यावरून, कानाच्या पाळीवरून रबर ओघळतं आणि साचा नेमका तिथेच फाटतो. तिथे जास्तीचा हात द्या, खोल खाचा बाहेरून रबरानेच बुजवा. रबरावरचं कडक कवच सरळ निघायला हवं ना!

आता कवच. इथे लोक कंटाळतात. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो. त्या भाराखाली नुसतं रबर फुगतं आणि गाल सुजल्यासारखे दिसतात. प्लास्टरमध्ये गोणपाट भिजवून दोन भागांत कवच करा, दोन्ही भाग नेमके जुळावेत म्हणून जोडावर गोल खळगे ठेवा, दुसरा भाग घालण्याआधी पहिल्याच्या कडेला व्हॅसलीन फासा. साचा उलटा उभा राहील असे लाकडी पायही त्यातच बसवा.

ओतताना रिलीज एजंट अगदी पुसट लावा. साचलं तर पृष्ठभागावर छिद्रं पडतात. दुसऱ्या दिवशी आधी कवच काढा, मग रबर कडेने सावकाश सोलत या. तारेचा ब्रश लावू नका. धुऊन, सुकवून रबर कवचातच बसवून सावलीत ठेवा. दुमडून ठेवलेलं रबर तोच बाक धरतं.