पुढून आवाज येतोय : जुन्या गाडीचं स्टेअरिंग आणि सस्पेन्शन तपासायला शिकताना

आयटीआय करून गॅरेजला लागलेली बहुतेक पोरं इंजिनाच्या मागे असतात. माझं सांगणं आहे, सुरुवातीचं वर्ष पुढच्या चाकांना द्या. इंजिन बंद पडलं तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. चालत्या गाडीचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा गोल सांधा, निसटला तर चाक आडवं होतं, आणि आत घरची माणसं बसलेली असतात.

पाना हातात घेण्याआधी मालकाचं ऐका. आपल्या सोलापुरात गिऱ्हाईक मराठीत सांगेल, कन्नडात नाहीतर तेलुगूत, पण आवाज मात्र प्रत्येक जण तोंडानं काढून दाखवतो. "मिस्त्री, खालून टकटक वाजतंय, गाडी डावीकडं ओढतीया." तेव्हा लगेच विचारा, कधी? स्टेअरिंग पूर्ण वळवून रेस दिल्यावर कटकट होत असेल तर ते ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचं काम, स्टेअरिंगचं नाही. हळू जाताना बारीक खड्ड्यांत टकटक होत असेल तर आधी लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारी छोटी दांडी) बघा. ८०च्या पुढे स्टेअरिंग थरथरलं तर पहिला संशय व्हील बॅलन्सिंगवर. ब्रेक दाबल्यावरच गाडी एका बाजूला जात असेल तर कॅलिपर (ब्रेकची पकड) नाहीतर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या हाताचा, रबरी बुश.

मग मालकाला शेजारी बसवून चक्कर मारा. आवाजासाठी शहरातले गतिरोधक पुरेसे आहेत, थरथर बघायला मात्र पुणे हायवेलाच जावं लागतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा किंचित डावीकडे सरकते. ओढण्याचा निर्णय सपाट जागेवरच घ्या.

परत आल्यावर आधी हवा तपासा, मग टायरवरून हात फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करकरीत लागलं तर टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्याचं माप, बिघडलेला आहे. ठिकठिकाणी खोलगे पडले असतील तर शॉकअप गेलेला असू शकतो. ओढण्याचं कारण सापडत नसेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा (एकाच दिशेनं फिरणारे टायर असतील तर नको). ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा.

आता जॅक. मागच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळा) लावा, जॅकवर उचललेली गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. पावसाळ्यात शेतातून आलेल्या गाडीला काळी माती चिकटून वाळलेली असते. ती धुतल्याशिवाय जॉइंटवरचा फाटलेला रबर बूट (टोपी) दिसणारच नाही, आणि बूट फाटला की धूळ ग्रीसमध्ये जाऊन जॉइंट घासायला लागते.

चाक वर-खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे सैलपणा, लागला तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा उभा खांब). मग डावी-उजवीकडून धरून हलवा. इथे टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांडीचं टोक) आणि रॅकच्या, म्हणजे स्टेअरिंगनं सरकणाऱ्या दातेरी दांड्याच्या, आतला जॉइंट बोलतो. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिथे जॅक आर्मखालीच लावा. नाहीतर स्प्रिंगच्या ताणामुळे बॉल जॉइंट घट्ट वाटतो आणि खराब असूनही सुटून जातो.

टाय रॉडसाठी मला सगळ्यात खात्रीची वाटते ती चाकं जमिनीवर असतानाची तपासणी. एकानं स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्यानं जॉइंटवर बोट ठेवायचं. डोळ्याला न दिसणारा खटका बोटाला कळतो. तसाच हात स्प्रिंगवर ठेवून स्टेअरिंग फिरवायला सांगा. स्प्रिंग अडखळत, टणकन सुटत असेल तर वरच्या स्ट्रट माउंटिंगचं बेअरिंग जाम आहे. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नसेल तरी तिथे बघायचं.

मारुती ८०० शिकायला फार चांगली गाडी. १९८३ ते २०१४ एवढी वर्षं ती बनली, त्यामुळे तालुक्यातून अजूनही येते. तिच्यात स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेली आडवी दांडी) चाकाला पुढे-मागे धरूनही ठेवतो. त्याचे बुश गेले की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि गाडी भरकटते. म्हणून टॉमी (लोखंडी पहार) लावून प्रत्येक बुश हलवून बघा. नुसतं पाहून रबराची अवस्था कळत नाही.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, सगळ्यात शेवटी. सैल जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकतं, आणि मालकाचे पैसे वाया जातात. एका जुन्या झेनचं अलाइनमेंट पुन्हापुन्हा झालेलं होतं, तरी टायर आतून खातच होती. दोष लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये निघाला.

नवीन बसवताना टाय रॉड एंड किती आटे आत होता ते मोजून ठेवा, म्हणजे गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते. नट सुटू नये म्हणून घालायची कॉटर पिन दर वेळी नवीन. लोअर आर्मच्या बुशचा बोल्ट गाडी खाली उतरवून, वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळा. लटकत्या आर्मवर आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्या आणि त्यालाच हलवून बघू द्या. दुसऱ्या बाजूचा जॉइंट अजून घट्ट आहे पण बूट फाटलाय, असं असेल तर ते बिलावर लिहा, आणि पुढच्या ऑइल चेंजला तो पुन्हा बघायचा हेही लिहा.