घरगुती युक्त्या पारखून घेण्याची रीत

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या किंवा दारात उभ्या असलेल्या विक्रेत्याने सांगितलेल्या युक्तीसोबत बहुधा डोळ्यांना दिसणारा एखादा पुरावा जोडलेला असतो. पाणी तपकिरी होते, फेस उसळतो, यंत्रावर हिरवा दिवा लागतो. जे दिसते ते खरेच घडलेले असते, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा असेलच असे नाही. म्हणून कोणतीही युक्ती स्वीकारण्यापूर्वी तेच काम युक्तीविना करून पाहावे आणि दोन्ही निकालांची तुलना करावी.

पाण्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. आरओ यंत्राचा, म्हणजे पाण्यातील क्षार गाळून काढणाऱ्या यंत्राचा, विक्रेता दोन पेले मांडतो, एकात नळाचे पाणी आणि दुसऱ्यात यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून तो वीज सोडतो आणि काही क्षणांत नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ तरंगू लागतो. हा गाळ पाण्यातून आलेला नसतो. तो लोखंडी कांडीतून सुटलेल्या लोहाचा असतो. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असल्यामुळे त्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजते, तर आरओच्या पाण्यात क्षार अत्यल्प असल्यामुळे तिथे फारसे काही घडत नाही. अशा वेळी विक्रेत्याला एवढेच सांगावे की आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करून दाखवा. तेही पाणी गढूळ होईल. कांड्यांत वीज असताना आपण स्वतः मात्र पेल्याला हात लावू नये.

मग यंत्र घ्यावे की नाही? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घटकांचे स्वीकारार्ह प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत आहे. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये हीच मर्यादा धरून, त्याहून कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी आरओच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला दिले होते, कारण या यंत्रांतून बरेच पाणी वाया जाते. नवी मुंबई महापालिकेचे पाणी मुख्यतः रायगड जिल्ह्यातील मोरबे धरणातून येते, म्हणजे ते पावसाचे साठवलेले पाणी आहे. बोअरवेलच्या पाण्यातील क्षारांबद्दल वाटणारी काळजी त्याला सरसकट लावू नये. पाण्यात विरघळलेल्या घटकांचे प्रमाण दाखवणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, त्याने आपल्याच नळाचे पाणी मोजावे. तो आकडा जंतूंविषयी काहीही सांगत नाही, हेही लक्षात ठेवावे. जंतूंचा प्रश्न इमारतीच्या टाक्यांच्या सफाईशी आणि पाणी उकळण्याशी निगडित आहे, आणि ठाण्या-नवी मुंबईच्या पावसाळ्यात माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

सॉकेटमध्ये खोचून वीजबिल कमी करण्याचा दावा करणारी डबी तपासणे आणखी सोपे आहे, कारण त्यासाठी लागणारे उपकरण प्रत्येक घराच्या नावावर आधीच बसवलेले असते. अशा डबीत बहुधा कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर, म्हणजे तारांतून घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण, सुधारू शकतो, परंतु महावितरणचे घरगुती बिल युनिटवर, म्हणजे किलोवॅट-तासांवर आकारले जाते आणि त्या मोजणीत पॉवर फॅक्टरला स्थान नसते. तरीही माझ्या शब्दावर विसंबू नये, स्वतः मोजावे. वीजबिलावरील मीटर क्रमांक पाहून तळमजल्यावरच्या मीटर खोलीतील आपला मीटर शोधावा. त्यावर लुकलुकणारा एक लहान दिवा असतो आणि किती लुकलुकींचे एक युनिट होते तो आकडा शेजारी छापलेला असतो. घरात एकाने थांबून फ्रिजसह सर्व काही बंद करावे, केवळ एक पंखा पूर्ण वेगात ठेवावा. दुसऱ्याने खाली १० मिनिटे लुकलुकी मोजाव्यात. आकडा ३२०० असेल आणि पंखा ७५ वॅटचा असेल, तर सुमारे ४० लुकलुकी मिळतील. नंतर डबी लावून पुन्हा १० मिनिटे मोजावे. फ्रिज या चाचणीसाठी निरुपयोगी ठरतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर मधूनमधून आपोआप बंद पडतो. मीटरच्या तारांना किंवा सीलला अर्थातच हात लावू नये.

प्रत्येक सूचना फोल असते असेही नाही. एसी २४ अंशांवर ठेवण्याचा सल्ला टिकणारा आहे: ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. पडताळणी करायची तर साधारण सारख्याच उकाड्याच्या रात्रींची तुलना करावी. मे महिन्यातील रात्र आणि जुलैतील रात्र यांची तुलना व्यर्थ आहे.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतल्यावर उसळणारा फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू होय. तो निघून गेल्यावर दोन्ही पदार्थ एकमेकांना निष्प्रभ करून बसलेले असतात आणि मागे सोडियम अ‍ॅसिटेटचे पाणी उरते. तेलकटपणा घासायला एकटा सोडा आणि नळावरच्या पांढऱ्या क्षाराला एकटे व्हिनेगर अधिक उपयोगी पडते. ओट्याच्या पाठीमागच्या तीन टाइल्सवर तीन प्रकार करून पाहिल्यास हे कळेल. ओटा संगमरवराचा किंवा कडप्प्याचा असेल, तर त्यावर आम्ल मुळीच लावू नये, दगड खरवडला जातो.

भिजलेला मोबाइल तांदळात ठेवण्याची युक्ती तुलनेअभावीच टिकून आहे. तांदळातून काढलेला फोन सुरू झाला की श्रेय तांदळाला मिळते, मात्र तो नुसता वाऱ्यावर ठेवूनही सुरू झाला असता का, हे कोणी पाहत नाही. पावसाळ्यात डब्यातील तांदूळ स्वतःच दमट असतात. अ‍ॅपलनेही तांदळाचे कण फोनला इजा करू शकतात म्हणून हा उपाय टाळण्यास सांगितले आहे. फोन बंद करावा, चार्जिंगचे छिद्र खाली धरून हलके झटकावे, पंख्यासमोर ठेवावा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नये. शंका वाटल्यास स्पंजचे दोन सारखे ओले तुकडे घेऊन एक तांदळात व एक पंख्याखाली ठेवावा आणि काही तासांनी स्वयंपाकघरातील काट्यावर दोन्हींचे वजन करावे.

एक युक्ती मात्र तपासण्यासाठीही करून पाहू नये. शौचालय अधिक स्वच्छ व्हावे म्हणून ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर मिसळण्याचा सल्ला दिला जातो. आपल्याकडील अनेक टॉयलेट क्लीनरांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ते ब्लीचमध्ये मिसळले की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. व्हिनेगरनेही तेच घडते. इमारतींमधील लहान, एका झरोक्याच्या बाथरूममध्ये हा वायू लवकर साचतो. चुकून मिश्रण झाल्यास त्यावर आणखी काहीही न ओतता ताबडतोब बाहेर पडावे, जाताजाता हाताशी असलेली खिडकी उघडावी, घरातील सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे, आणि खोकला किंवा श्वासाचा त्रास होत असेल तर थेट रुग्णालय गाठून कोणती दोन रसायने मिसळली गेली ते डॉक्टरांना सांगावे.