गोव्यात डक्टचा एसी बसवताय? आधी घामाचं बघा

डक्टचा एसी घेताना सगळे टनेजवर बोलतात, डक्टवर, म्हणजे गार हवा खोल्यांपर्यंत नेणाऱ्या मार्गावर, कोणी नाही. गोव्याच्या दमट हवेत खरी गोम तिथेच. डक्टच्या आत बारा-चौदा अंशांची हवा, बाहेर फॉल्स सीलिंगमध्ये उकाडा. पत्र्याला घाम फुटतो आणि पीओपीवर पिवळे डाग उमटतात.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा डक्ट टिकाऊ, पण त्यावर नायट्राइल रबराचं जाड आवरण हवंच. मी १९ मिमीच घेईन. ग्लासवूल (काचतंतूंचं आवरण) स्वस्त, मात्र वरची फॉइल फाटली की ओल पिऊन बसते. कळंगुट-मोरजीकडे खारा वारा पत्र्याच्या कापलेल्या कडा आधी खातो. तिथे पीआयआर पॅनेल बरं: मध्ये फोम, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम, वजनाला हलकं. उंदरांपासून तेवढं जपा.

फ्लेक्सिबल डक्ट मुख्य लाइनला नकोच. ग्रिलपर्यंतचा शेवटचा मीटर-दीड मीटर, तोही ताणून. लोंबला की त्या खोलीत हवा पोचत नाही.

सांध्यांना कापडी टेप लावू देऊ नका, सीलंट आणि ॲल्युमिनियम टेप मागा. सीलिंग बंद करण्याआधी मशीन चालवून प्रत्येक सांध्यावर ओला हात फिरवा. गार झुळूक लागली, तर काम तिथेच थांबवा.