दुसऱ्याच्या कॉमिकमध्ये पाहुणा हिरो कसा आणायचा

चोवीस पानी कॉमिकमध्ये पाहुण्या हिरोला चार ते सहा चौकटी पुरतात, फार तर दोन पानं. तिसऱ्या पानावरही तो रेंगाळला तर अंक त्याचाच होतो आणि यजमान हिरो आपल्याच घरात कोपऱ्यात उभा राहतो.

आधी ठरवा, पाहुणा आल्यानं यजमानाची कोणती अडचण उघडी पडते. १९६३ च्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या पहिल्या अंकात पीटरला, म्हणजे स्पायडर-मॅनला, पैशांची निकड आहे. तो फॅन्टास्टिक फोर या चार हिरोंच्या (इथले पाहुणे तेच) इमारतीत घुसतो, ताकद दाखवायला त्यांच्याशी चार हात करतो, आणि मग कळतं की इथं पगारच नाही. आला तसा निघून जातो. चौघांनी त्याला काहीच दिलं नाही, म्हणून तर त्याची तंगी वाचकाला जास्त बोचते. पाहुण्यानं संकट सोडवलं की यजमान लहान झालाच.

समजा तुमचा हिरो नागपूरचा आहे आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, गर्दीत चोराच्या मागावर आहे. उजव्या पानाची शेवटची चौकट: एक बडग्या (मिरवणुकीतला पुतळा) लोकांवर कलंडतोय. पान उलटलं की डाव्या पानावर, वरच्या अर्ध्या भागात, पाहुण्यानं तो एका हातावर तोललेला. ही चौकट उजव्या पानावर काढली तर पान उघडताच नजर तिच्यावर जाते आणि धक्का वाया जातो. पुढच्या चौकटीत सगळे मोबाइल पाहुण्याकडे वळलेले, आणि त्याच गोंधळात चोर इतवारीच्या गल्लीत पसार. शेवटच्या चौकटीत पाहुण्याची फक्त पाठ. कुठं चालला, ते सांगू नका.

रंग आधी तपासा. पिवळ्या पोशाखाचा पाहुणा पिवळ्या मारबतीपुढं दिसतच नाही. त्याला काळ्या मारबतीपुढं उभा करा.

त्याची ओळख गर्दीतल्या एखाद्या पोराच्या तोंडून नुसत्या नावानं होऊ द्या. पूर्वकथा नको. संवादाच्या एका फुग्यात वीसेक शब्दांच्या वर गेलात तर चित्र झाकलं जातं.

पाहुणा मित्राचा असेल तर लेखी परवानगी घ्या आणि मॉडेल शीट मागा: समोरून, बाजूनं, पाठीमागून, शिवाय यजमानाशेजारी उभा करून उंची. ही शेवटची आकृती नसली की चौकटीगणिक त्याची उंची बदलते. रंगांचे सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे) आकडेही लिहून घ्या. स्क्रीनवर बघून जुळवलेला निळा छापताना जांभळट येतो. मोठ्या कंपनीचा हिरो परवानगीशिवाय विकायच्या अंकात घेऊ नका.

पुढच्या अंकात त्याला मोठं काम द्यायचं असेल तर सगळ्यात शेवटच्या चौकटीत आणा. १९७४ मध्ये हल्कच्या १८० व्या अंकात वुल्व्हरिन असाच अगदी शेवटी उगवला. झुंज रंगली ती १८१ मध्ये.